विरह आणि प्रेमभंग : मराठी प्रेमकवितेतील आशेचे व्याकरण

मराठीतील करुण प्रेमकवितेचा विचार करताना ‘विप्रलंभ शृंगार’ ही संज्ञा जवळजवळ सवयीने योजली जाते. गाथासप्तशतीतील प्रोषितभर्तृका, ज्ञानदेवांच्या विराण्यांतील विरहिणी, पेशवाईतील लावणीत मोहिमेवर गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री, आणि विसाव्या शतकातील भावकवितेत गमावलेल्या प्रेमाविषयी बोलणारा एकाकी ‘मी’ या सर्वांना त्या एकाच नावाखाली बसवले जाते. त्यामुळे परंपरेचे सातत्य सिद्ध झाल्यासारखे वाटते. पण एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. ज्याची वाट पाहायची आहे त्याचा वियोग आणि ज्याची वाट पाहण्यात आता अर्थ उरलेला नाही त्याचा वियोग, ही दोन दुःखे एक नव्हेत. हा भेद केवळ आशयाचा नसून भाषेचाही आहे. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणता काळ वापरतो आणि क्रियेचे कर्तृत्व कोणाकडे देतो, या चार गोष्टींत तो स्पष्टपणे दिसून येतो. प्रस्तुत लेखात या भेदाचे स्वरूप भाषेच्या अंगाने तपासावयाचे आहे.

१. सापेक्ष आणि निरपेक्ष

या विवेचनाचा पाया भरताच्या नाट्यशास्त्रातच सापडतो. शृंगार रतीपासून उत्पन्न होतो, तर त्यात करुणाचे भाव कसे येतात, असा प्रश्न सहाव्या अध्यायात उपस्थित केला आहे. त्याला उत्तर देताना भरताने विप्रलंभ ‘सापेक्ष’ व करुण ‘निरपेक्ष’ अशी विभागणी केली आहे. अपेक्षा शिल्लक असेल तोवर दुःख शृंगाराच्या कक्षेत राहते. अपेक्षा संपली की ते करुणाच्या कक्षेत जाते. ही कसोटी अतिशय मार्मिक आहे, कारण ती दुःखाच्या तीव्रतेवर अवलंबून नाही. विरहिणीचे अश्रू शोक करणाऱ्या स्त्रीच्या अश्रूंहून कमी असतात असे भरत म्हणत नाही. भेद अश्रूंचा नसून दिशेचा आहे : एकीचे दुःख पुढे पाहते, दुसरीच्या दुःखाला पुढे पाहण्याजोगे काही नाही.

उत्तरकालीन आलंकारिकांनी विप्रलंभाचे प्रकार पाडले. मम्मटाने अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास व शाप अशी पाच कारणे सांगितली. विश्वनाथाने पूर्वराग, मान, प्रवास व करुण असे चार भेद मानले. या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या असता एक गोष्ट ध्यानात येते. यांतील प्रत्येक कारणाला शेवट आहे. मान उतरतो, प्रवासी परततो, शापाला मुदत असते. मेघदूतातील यक्षाचा शाप एका वर्षाचा आहे. ‘करुणविप्रलंभ’ या भेदातही मृत प्रियजन पुन्हा लाभेल अशी आशा गृहीत धरलेली आहे. कादंबरीतील पुंडरीक आणि महाश्वेता यांचा वृत्तान्त हे त्याचे उदाहरण. ती आशा नसेल, तर तेथे केवळ करुण रस.

आता असा एक प्रसंग कल्पावा, की दोघेही जिवंत आहेत, मध्ये प्रवास नाही, शाप नाही, रुसवाही नाही. परंतु एकाचे प्रेम संपले आहे आणि दुसऱ्याचे संपलेले नाही. या दुःखाला वरील याद्यांत जागा कोठे ? मृत्यू नसल्यामुळे उत्तरकालीन अर्थाने तो करुण नव्हे; आशा नसल्यामुळे तो विप्रलंभ नव्हे. इतकेच नव्हे, तर रती दोघांच्याही ठिकाणी नसेल, म्हणजे ती ‘अनुभयनिष्ठ’ असेल, तर साहित्यदर्पणाच्या मते तो शृंगाराचा आभास ठरतो. आधुनिक भावकवितेने ज्या अनुभवाला आपल्या केंद्रस्थानी आणले, त्याला शास्त्राने रसाभासाच्या दारात उभे केले होते. या अनुभवासाठी मराठीत जो शब्द रूढ झाला तो ‘प्रेमभंग’. विरह आणि प्रेमभंग हे पर्यायशब्द नव्हेत, हे येथे प्रथम निश्चित केले पाहिजे.

२. भिंतीवरील रेघा

सापेक्ष विरहाची भाषा कशी असते हे पाहण्यास महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीसारखे दुसरे साधन नाही. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या कोशाच्या निरनिराळ्या पाठपरंपरांत गाथांची भर व अदलाबदल झालेली आहे. सर्व परंपरांत समान अशा गाथा सुमारे ४३० भरतात. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने १८७० मध्ये तिचा काही भाग व १८८१ मध्ये संपूर्ण संग्रह संपादित केला, आणि १९५६ मध्ये स. आ. जोगळेकर यांच्या विस्तृत मराठी आवृत्तीमुळे ती मराठी अभ्यासकांच्या हाती आली.

या कोशातील तीन गाथांचा आशय एकत्र वाचण्यासारखा आहे. एकीत नुकताच प्रवासाला गेलेल्या पतीची पत्नी ‘आज गेला’ असे म्हणत भिंतीवर रेघ ओढते, पुन्हा ओढते, आणि पहिल्या अर्ध्या दिवसातच भिंत रेघांनी भरून जाते. दुसरीत हातापायांची सर्व बोटे मोजून संपली, आता पुढचे दिवस कशावर मोजावे, म्हणून एक भाबडी स्त्री रडू लागते. तिसरीत पतीने दिलेली परतीची मुदत भरत आली आहे. तो आला नाही तर हिचे काय होईल या भयाने मैत्रिणी भिंतीवरील दोन-तीन रेघा चोरून पुसून टाकतात.

या तीन गाथांत विरहाचे सारे व्याकरण साठवलेले आहे. पहिली गोष्ट ही, की येथे दुःख मोजता येते. ‘ओहि’, म्हणजे संस्कृत ‘अवधि’, हा या काव्याचा कळीचा शब्द आहे. ज्याला अवधी आहे ते दुःख भविष्यकाळाशी बांधलेले असते. दुसरी गोष्ट ही, की हे दुःख एकटीचे नाही. रेघा ओढणारी एक असली, तरी त्या पुसणाऱ्या अनेक आहेत. आशा टिकवण्याचे काम विरहिणी एकटी करीत नाही; तिच्या नकळत तिचा समाज ते करीत असतो. गाथांतील संबोधनांवरूनही हेच दिसते. ‘सहि’ (सखी), ‘अत्ता’ (सासू किंवा वडीलधारी स्त्री), ‘मामि’, ‘पिउच्छा’ (आत्या) अशी हाक मारून ही स्त्री बोलते. प्रियकर दूर आहे, पण ऐकणारी जवळ आहे. जिच्या बोलण्याला श्रोता आहे तिला दुःखी म्हणता येईल, विरहिणी म्हणता येईल. आधुनिक अर्थाने एकाकी म्हणता येणार नाही.

मात्र गाथाकारांना निरपेक्ष दुःख अज्ञात होते असे मानणे चुकीचे ठरेल. प्रेम कशाने नष्ट होते याची गणना करणारी एक गाथा याच कोशात आहे. प्रेम न दिसण्याने जाते, फार दिसण्यानेही जाते, चहाडखोरांच्या बोलण्याने जाते, आणि चौथे कारण असे, की ते उगीचच जाते. ‘एमेअ’, म्हणजे ‘एवमेव’, एवढाच शब्द तेथे आहे. पहिल्या तीन कारणांवर उपाय आहेत. चौथ्यावर नाही, कारण ते कारणच नव्हे. शास्त्रकारांनी पुढे जी वर्गीकरणे केली त्यांत या ‘उगीच’ला स्थान मिळाले नाही. कवीने नोंदवलेली गोष्ट शास्त्राने गाळली, आणि ती पुन्हा काव्यविषय म्हणून प्रतिष्ठित होण्यास दीर्घ काळ जावा लागला.

३. ‘गेला’ आणि ‘येतो’

वरील गाथेतील ‘गओ’ (गत) हे रूप मराठी भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. प्राकृतात जुनी भूतकाळवाचक आख्यातरूपे बहुतांशी मागे पडली व त्यांचे काम भूतकाळवाचक धातुसाधिते करू लागली. याच धातुसाधिताला ‘इल्ल’ हा प्रत्यय लागून मराठीतील ‘गेला’ सिद्ध झाला. म्हणजे ‘तो गेला’ यातील ‘गेला’ मूळचे विशेषण आहे, आणि म्हणूनच ते आजही विशेषणाप्रमाणे लिंगवचनानुसार बदलते : गेला, गेली, गेले. या रूपात जाण्याच्या कृतीपेक्षा गेलेपणाची स्थिती अधिक आहे असे म्हणता येईल.

मराठीत ‘गेला’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘मरण पावला’ असा आहे. गावाला गेलेला आणि जगातून गेलेला यांच्यासाठी भाषेने एकच क्रियापद ठेवले आहे. या दोहोंतील सीमा पुसली जाऊ नये म्हणून व्यवहाराने एक संकेत निर्माण केला : निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, स्त्री ‘येते’ म्हणते. चुकून कोणी ‘जातो’ म्हणाले, तर घरातील वडीलधारी माणसे ‘येतो म्हणावे’ असे सुधारतात. परतण्याची अपेक्षा निरोपाच्या शब्दातच घातली जाते. भरताने ज्याला सापेक्ष म्हटले, ते मराठी घराच्या उंबरठ्यावर नित्य बोलले जाते.

प्रेमभंगाचे दुःख नेमके या संकेताच्या भंगातून जाणवते. जो ‘येतो’ म्हणून गेला आणि येणार नाही, किंवा ‘येतो’ न म्हणताच गेला, त्याच्याविषयी बोलताना ‘गेला’ हे रूप मृत्यूच्या अर्थाकडे झुकते, जरी तो मनुष्य त्याच शहरात राहत असला तरी. विरहाच्या कवितेत ‘येणे’ हे क्रियापद भविष्यकाळात, आज्ञार्थात व विध्यर्थात वावरते : येशील, ये, यावेस. प्रेमभंगाच्या कवितेत ते बहुधा भूतकाळात आढळते. येथे मराठीच्या रूपव्यवस्थेचे एक सूक्ष्म वैशिष्ट्यही सहाय्यभूत होते. ‘येशील’, ‘ये’ या रूपांत लिंगभेद नाही. ‘आलास-आलीस’, ‘गेलास-गेलीस’ यांत तो आहे. आशेची रूपे कोणालाही उद्देशून वापरता येतात. गेलेल्याचे रूप मात्र विशिष्ट पुरुषाचे किंवा विशिष्ट स्त्रीचे असते.

४. विराणी आणि लावणी : अवधी असलेले दुःख

महाराष्ट्री प्राकृताकडून मराठीकडे येताना विरहाची सापेक्षता दोन वेगळ्या वाटांनी टिकून राहिली. पहिली वाट भक्तीची. ज्ञानदेवांच्या नावावरील विराण्यांत (हा शब्द ‘विरहिणी’पासून आला असे सामान्यतः मानले जाते) पुरुष संतकवी स्त्रीलिंगी क्रियारूपांनी बोलतो, कावळ्याला शकुन विचारतो, सखीला आपली अवस्था सांगतो. लौकिक विरहातील अवधी येथे निश्चित नसला तरी अपेक्षा अधिकच दृढ आहे. कारण ज्याचा विरह आहे तो अंतर्यामी असून त्याचे येणे हा श्रद्धेचा विषय आहे.

दुसरी वाट शाहिरी लावणीची. पेशवाईत दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत आणि सामान्यतः पावसाळ्यापूर्वी परतत. गाथेतील प्रवासीही पावसाळ्यापूर्वी घर गाठू पाहतो. म्हणून विरहाच्या लावणीला पंचांगाचा आधार आहे : ऋतू येतात-जातात, आणि त्यांच्या हिशेबाने वाट पाहिली जाते. येथेही पुरुष शाहीर स्त्रीच्या मुखाने बोलतो आणि ऐकणारी सखी बहुधा समोर असते.

या दोन्ही वाटांवरील समान गोष्टी अशा : वक्ता व्याकरणदृष्ट्या स्त्री आहे, जरी कवी बहुधा पुरुष असला तरी; श्रोता उपस्थित आहे; आणि भविष्यकाळ खुला आहे. मराठी पुरुषाने आपल्या प्रेमाचे दुःख पुल्लिंगी क्रियापदात, ‘मी रडलो’ या रूपात, काव्यात सांगणे ही गोष्ट या पार्श्वभूमीवर किती नवी होती हे त्यावरून कळते.

५. निवड, नकार आणि ‘तू’

हा पालट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत केशवसुतांच्या (१८६६-१९०५) पिढीपासून घडू लागला. त्याची कारणे केवळ इंग्रजी भावकवितेच्या परिचयात शोधणे अपुरे आहे. प्रेमभंग हा सामाजिक अनुभव होण्यासाठी निवडीला वाव असावा लागतो. जेथे निवड नाही तेथे नकारही नाही. बालविवाहाच्या चौकटीत विवाहपूर्व प्रेमाला उच्चारता येईल अशी जागा नव्हती. स्त्रीशिक्षणाचा प्रसार, विवाहाच्या वयात झालेली वाढ आणि महाविद्यालयांतील सहवास यांमुळे मध्यमवर्गात प्रथमच अशी स्थिती आली, की दोन माणसे परस्परांना पसंत करू शकत होती, परंतु जात, घर किंवा स्वतःचेच बदललेले मन त्यांना दूर करीत होते. गोविंदाग्रज (राम गणेश गडकरी, १८८५-१९१९) यांच्या, १९२१ मध्ये ‘वाग्वैजयंती’ या नावाने संगृहीत झालेल्या कवितेत विफल प्रेमाचा सूर इतका ठळक आहे, की ‘प्रेमाचे शाहीर’ ही त्यांची ओळखच झाली.

या नव्या कवितेत सखी नाहीशी झाली. पुरुष वक्त्याला तशी सखी परंपरेने दिलीच नव्हती; आणि जे दुःख समाजाला मान्य नव्हते ते ऐकण्यास समाजाचा प्रतिनिधी येणार कोठून ? मग कविता कोणाशी बोलू लागली ? ती ‘तू’शी बोलू लागली. गाथेतील स्त्री प्रियकराविषयी तिसऱ्या व्यक्तीशी बोलते. आधुनिक कवी गेलेल्या व्यक्तीशीच बोलतो. वरवर पाहता हे अधिक जवळचे वाटते, परंतु वस्तुस्थिती उलट आहे. ‘तू’ हे द्वितीय पुरुषाचे सर्वनाम ऐकणाऱ्याचा निर्देश करते; येथे ज्याचा निर्देश होतो तो ऐकत नाही, आणि ऐकणार नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे. प्रेमभंगाच्या कवितेतील एकाकीपणा प्रथम येथे, सर्वनामात, निर्माण होतो. रात्र, पाऊस, रिकामी वाट ही त्याची चित्रे नंतर येतात.

या ‘तू’चा उगम कोठे, याचाही विचार केला पाहिजे. ज्या मध्यमवर्गीय घरात ही कविता लिहिली गेली त्या घरातील पत्नी पतीला ‘तू’ म्हणत नसे. ती ‘अहो’ म्हणे व त्याचे नाव टाळी. म्हणजे स्त्री-कवीच्या कवितेतील ‘तू’ घरगुती संभाषणातून सरळ उचललेला नाही. मराठीत उत्कट, समोर नसलेल्या, उत्तर न देणाऱ्या व्यक्तीला ‘तू’ म्हणण्याची समृद्ध परंपरा होती ती अभंगवाणीची. तुकोबा विठ्ठलाशी ‘तू’ म्हणून भांडतात. हरवलेल्या प्रेमाच्या कवितेने भक्तीचा हा ‘तू’ घेतला. मात्र त्यामागील श्रद्धा तिला घेता आली नाही. संबोधन सापेक्षाचे, परिस्थिती निरपेक्षाची, असा हा विलक्षण संयोग आहे.

६. कोणी तोडले ? प्रयोग आणि दोष

प्रेम संपल्यावर मनुष्य जो प्रश्न सर्वांत अधिक विचारतो तो ‘कोणामुळे ?’ हा होय. या प्रश्नाला बगल देण्याची व तो उघड विचारण्याची, दोन्ही साधने मराठी व्याकरणात आहेत. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्यांत पहिले रूप अकर्मक आहे : काहीतरी घडले, कोणी केले ते सांगितलेले नाही. दुसऱ्यात कर्ता येतो. ‘नाते तुटले’ आणि ‘तू नाते तोडलेस’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे तेच शोक आणि तक्रार यांतील अंतर आहे. ‘मोडणे’ हे क्रियापद तर दोन्ही अर्थांनी चालते. ‘काठी मोडली’ आणि ‘त्याने काठी मोडली’ यांत धातू तोच आहे; म्हणून ‘मन मोडले’ या वाक्यात मन आपणहून मोडले की कोणी मोडले, हे शब्द सांगत नाहीत. ‘प्रेमभंग’ या समासानेही हेच मौन पाळले आहे. ‘त्याचा प्रेमभंग झाला’ असे म्हटले जाते. षष्ठी भोगणाऱ्याची असते, आणि करणाऱ्याला वाक्यात सहसा जागाच नसते.

दुसरे उदाहरण विसरण्या-आठवण्याचे. ‘विसरणे’ सकर्मक असूनही भूतकाळात त्याचे रूप कर्त्यानुसार चालते : तू विसरलास, ती विसरली. ‘आठवणे’ मात्र प्राधान्याने चतुर्थीच्या रचनेत येते : मला आठवते, मला आठवण येते. विसरणारा कर्ता आहे. आठवण ज्याला येते तो कर्ता नसून तिचा मुक्काम आहे. प्रेम संपल्यानंतर दोन माणसांच्या वाट्याला जी असमान स्थिती येते, ती या दोन वाक्यरचनांनी जशीच्या तशी वाटून दिली आहे. एकटेपणाचेही असेच आहे. ‘एकांत’ मनुष्य मिळवतो, ‘एकटेपणा’ त्याला जाणवतो. आणि दुःख फार वाढले की ‘घर खायला उठते’, म्हणजे घर कर्ता होते व मनुष्य त्याचे भक्ष्य.

मो. के. दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांचे जे सविस्तर विवेचन केले, त्याचा उपयोग काव्यसमीक्षेत फारसा झालेला नाही. दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू. मराठी भावकवितेच्या ‘मी’ला नवे स्थान देणारा कवी व मराठी कर्त्याची चिकित्सा करणारा वैयाकरण एकाच घरातील होते, हा केवळ योगायोग असला तरी या दोन अभ्यासांनी एकमेकांकडे पाठ फिरवू नये हे सुचवण्यास तो पुरेसा आहे.

७. दोन उदाहरणे

विरह व प्रेमभंग यांतील सीमा प्रत्यक्ष काव्यव्यवहारात कशी ओलांडली जाते, याची दोन उदाहरणे बोधप्रद आहेत.

पहिले माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन, १८९४-१९३९) यांचे. त्यांचे ‘विरहतरंग’ १९२६ मध्ये व ‘तुटलेले दुवे’ ही सुनीतरचना १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. शीर्षकावरून काव्याचा निर्णय करता येत नाही हे खरे. तथापि या दोन शीर्षकांतील अंतर अर्थपूर्ण आहे. तरंग उठतो, ओसरतो व पुन्हा उठतो. त्याला पुनरावृत्ती आहे. ‘तुटलेले’ हे ‘गेलेला’प्रमाणेच स्थितिवाचक धातुसाधित आहे, आणि ते अकर्मक धातूपासून झालेले आहे. दुवे तुटले आहेत. कोणी तोडले हा प्रश्न शीर्षक विचारीत नाही.

फारसीचे प्राध्यापक असलेल्या या कवीने ‘गज्जलांजलि’ (१९३३) मधून गझलही मराठीत रुजवली. या प्रकाराने एक नवी अडचण उभी केली. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. त्यामुळे तेथील प्रिय व्यक्ती स्त्री, पुरुष किंवा ईश्वर यांपैकी कोणीही असू शकते. उर्दूने प्रियेलाही पुल्लिंगी क्रियापद देण्याचा संकेत पाळून ही संदिग्धता बऱ्याच अंशी राखली. मराठीत तसा संकेत नाही, आणि ‘तू गेलीस’ म्हणताच ती स्त्री ठरते. मात्र सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याचे लिंग झाकले जाते : ‘तू वचन दिलेस’ हे वाक्य स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडते, कारण क्रियापद ‘वचना’च्या लिंगानुसार चालते. त्यामुळे वचने, शपथा, जखमा, उत्तरे ‘देण्या’ची भाषा वापरली असता फारसीतील संदिग्धता मराठीत काही अंशी टिकवता येते. सुरेश भट (१९३२-२००३) व त्यांच्यानंतरचे गझलकार यांच्या रचनांची या दृष्टीने, म्हणजे द्वितीयपुरुषी कर्त्याचे लिंग कोठे उघड होते व कोठे झाकलेले राहते या दृष्टीने, पाहणी करण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण इंदिरा संत (१९१४-२०००) यांचे. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये निवर्तले. त्यानंतर ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७) व ‘रंगबावरी’ (१९६४) हे संग्रह प्रसिद्ध झाले. भरताच्या कसोटीप्रमाणे येथील दुःख निरपेक्ष आहे. मृत्यूने आशेचा प्रश्नच मिटवला आहे. परंतु मराठी वाचकाने ही कविता शोककाव्य म्हणून नव्हे, तर प्रेमकविता म्हणून वाचली, आणि त्याचे कारण तिच्या भाषेत आहे. तीत मृत्यूचा थेट उच्चार फारसा नाही. ‘तू’ मात्र वारंवार आहे, आणि संध्याकाळ, पाऊस, घरातील वस्तू यांतून त्याच्या असण्याची चाहूल सतत घेतली जाते. दुःख करुणाचे आहे, परंतु व्याकरण विरहिणीचे आहे. शास्त्राने जेथे सापेक्षता संपली असे म्हटले असते, तेथे कवितेने संबोधनाच्या बळावर ती चालू ठेवली.

येथे एक विरोधाभास दिसतो. प्रिय व्यक्ती जिवंत असूनही प्रेमभंगाच्या कवितेत आशा नाही. ती मृत असूनही इंदिरा संतांच्या कवितेत वाट पाहणे संपलेले नाही. म्हणून सापेक्ष-निरपेक्ष हा भेद जीवन-मृत्यूच्या भेदाशी जुळत नाही. गेलेल्याचे प्रेम आपल्यावर होते ही खात्री जेथे टिकून आहे, तेथे मृत्यूनंतरही ‘तू’ म्हणता येते. जेथे तीच खात्री गेली, तेथे ‘तू’ हा शब्द उच्चारताच पोकळ वाटू लागतो. कारण भूतकाळात तरी तो खरा होता काय, अशी शंका त्यात शिरलेली असते. प्रेमभंगाने केवळ भविष्य हिरावले जात नाही, तर घडून गेलेल्या गोष्टींचा अर्थही अनिश्चित होतो. मृत्यूला हे सहसा करता येत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून अध्ययनाच्या दृष्टीने एक साधी पद्धत हाती येते. हरवलेल्या प्रेमाची कविता समोर आली असता तिला विप्रलंभ म्हणण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. तिच्यात श्रोता आहे काय, की केवळ संबोधन आहे ? ‘येणे’ हे क्रियापद कोणत्या काळात व कोणत्या अर्थात येते ? वियोगाची क्रिया अकर्मक रूपाने सांगितली आहे की सकर्मक ? आणि विरहाला अवधी आहे काय ? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर रसाचे नाव ठरवण्यास उशीर झाला, तरी हरकत नाही. आज परीक्षेच्या उत्तरात व समीक्षेच्या लेखात ते नाव आधी येते आणि कविता नंतर.

विप्रलंभ ही संज्ञा टाकून द्यावी असे यातून सुचवावयाचे नाही. उलट, भरताची मूळ कसोटी तिच्या उत्तरकालीन याद्यांपेक्षा अधिक समर्थ आहे, आणि आधुनिक कवितेलाही ती लावता येते, हेच या पाहणीतून दिसते. मात्र ती लावताना अपेक्षा कवितेच्या कथानकात शोधून भागत नाही. ती तिच्या क्रियापदांत आणि सर्वनामांत शोधावी लागते. गाथेतील मैत्रिणींनी भिंतीवरील दोन-तीन रेघा पुसून आशेची मुदत वाढवली. आधुनिक कवितेत रेघा पुसण्यास कोणी उरले नाही; ते काम, जेथे होते तेथे, भाषेला करावे लागते.